तुटलेल्या लाइनचा संकेत : वेब सर्व्हरच्या आज्ञांचा इतिहास

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ बँकेच्या खिडकीवर, आरक्षण केंद्रात किंवा शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना हे वाक्य ऐकले नाही असा शिक्षक आज सापडणे कठीण. वाक्य सर्वांच्या तोंडी असले तरी सर्व्हर म्हणजे नेमके काय, असे वर्गात विचारले तर उत्तरे गमतीशीर येतात. कोणी म्हणतो मोठे कपाट, कोणी म्हणतो मनोरा, कोणी म्हणतो परदेशातली इमारत. खरे उत्तर यापेक्षा साधे आहे. सर्व्हर ही मुळात एक आज्ञावली आहे. कोणीतरी कळफलकावर एक ओळ टंकतो आणि ती आज्ञावली कामाला लागते. ज्या यंत्रावर ती चालते त्यालाही आपण सवयीने सर्व्हर म्हणतो, एवढेच.

एका ओळीत सर्व्हर सुरू होतो हे समजले की पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो. एकदा सुरू झालेली ही आज्ञावली महिनोन्‌महिने चालू राहावी अशी अपेक्षा असते. तिच्यासमोर कोणी बसलेले नसते. मग तिला थांबवायचे कसे? नियम बदलले आहेत हे तिला सांगायचे कसे? आणि ते सांगताना त्या क्षणी तिच्याकडून माहिती घेत असलेल्या शेकडो लोकांना धक्का लागू नये, हे साधायचे कसे? सुरू करणे सोपे, पण सुरू करून सोडून दिलेल्या गोष्टीवर ताबा ठेवणे अवघड. या अडचणीची उत्तरे ज्या क्रमाने सापडत गेली, तो क्रम या लेखात आपण पाहू. त्यातले सर्वांत महत्त्वाचे उत्तर टेलिफोनच्या तुटलेल्या लाइनमधून आले आहे, हे त्यातले आश्चर्य.

एक खुलासा आधीच करतो. संगणकाला आज्ञा देताना त्या रोमन अक्षरांत टंकाव्या लागतात. येथे आम्ही त्यांचे उच्चार देवनागरीत देत आहोत.

पहिला सर्व्हर आणि त्यावरची चिठ्ठी

जिनिव्हाजवळ, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर सर्न ही कणभौतिकीची प्रसिद्ध प्रयोगशाळा आहे. तेथे काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये माहितीच्या व्यवस्थापनासाठी एक प्रस्ताव मांडला. निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांचे कागद निरनिराळ्या प्रकारच्या संगणकांवर विखुरलेले होते. ते एकमेकांना दुव्यांनी जोडावेत, अशी ती कल्पना. १९९० च्या अखेरीस त्यांनी नेक्स्ट नावाच्या काळ्या रंगाच्या संगणकावर जगातला पहिला वेब सर्व्हर चालू केला.

या संगणकावर चिकटवलेली एक चिठ्ठी आज इतिहासाचा भाग झाली आहे. ‘हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नका’ अशा अर्थाची सूचना तिच्यावर हाताने लिहिलेली होती. वेब त्या वेळी एका खोलीतल्या एका यंत्रावर अवलंबून होते. रात्री दिवे मालवणाऱ्याने ते यंत्रही बंद केले असते, तर सारे वेबच बंद पडले असते.

चिठ्ठी माणसांसाठी होती. यंत्राच्या आत काय चालले होते? सर्व्हरचे काम थोडक्यात असे सांगता येईल. तो एका ठरलेल्या दारावर कान लावून बसतो. कोणी दार ठोठावून ‘अमुक पान द्या’ असे म्हणाले, की ते पान डिस्कवरून वाचून पाठवतो, नोंदवहीत एक ओळ लिहितो आणि पुन्हा कान लावून बसतो. या दाराला क्रमांक असतो व त्याला पोर्ट म्हणतात. एका इमारतीचा पत्ता एक, पण आत खोल्या अनेक, तशी ही व्यवस्था आहे. वेबसाठी ८० हा क्रमांक ठरला. आज सांकेतिक स्वरूपात होणारी सुरक्षित देवाणघेवाण ४४३ या दारावर होते.

डिसेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या स्लॅक या प्रयोगशाळेत युरोपबाहेरचा पहिला वेब सर्व्हर सुरू झाला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबची आज्ञावली सर्वांना विनामूल्य खुली केली. वेबचा प्रसार म्हणजे प्रत्यक्षात कोठे तरी कोणी तरी आपल्या यंत्रावर ही ओळ टंकणे होय. सर्नच्याच माहितीनुसार १९९३ च्या अखेरीस ज्ञात सर्व्हर ५०० हून थोडे अधिक होते, तर १९९४ च्या अखेरीस ते सुमारे १०,००० झाले. ते सांभाळणारे बहुतेकजण एका जुन्या कार्यप्रणालीचे विद्यार्थी होते. ती म्हणजे युनिक्स. सर्व्हरवर ताबा कसा ठेवायचा हे समजायचे तर आपल्याला युनिक्सपर्यंत मागे जावे लागेल.

टेलिफोन कंपनीची कार्यप्रणाली

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे तिचे प्रमुख शिल्पकार. बेल प्रयोगशाळा ही एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची संशोधनसंस्था, हे येथे लक्षात ठेवायला हवे.

त्या काळी संगणक महाग होता आणि अनेकांनी मिळून वापरायचा होता. वापरणाऱ्यासमोर पडदा नसे. टेलिटाइप नावाचे विजेवर चालणारे टंकलेखनयंत्र असे. त्याच्या मॉडेल ३३ या प्रसिद्ध प्रकाराचा वेग सेकंदाला १० अक्षरे इतका होता. हे यंत्र संगणकाच्या शेजारी असेच असे नाही. अनेकदा ते टेलिफोनच्या लाइनवरून मोडेममार्फत जोडलेले असे. आपण क्रमांक फिरवायचा, संगणकाने फोन उचलायचा आणि मग आज्ञा टंकायच्या.

टंकलेली आज्ञा वाचून ती अमलात आणणाऱ्या आज्ञावलीला शेल म्हणतात. आपण एखादी आज्ञा दिली की शेल एक नवी आज्ञावली सुरू करते. चालू असलेल्या अशा आज्ञावलीला युनिक्समध्ये प्रोसेस हे नाव आहे. प्रत्येक प्रोसेसला हजेरीपटासारखा एक क्रमांक मिळतो. जिने तिला जन्म दिला ती तिची पालक आणि ती स्वतः बालक, अशीच परिभाषा युनिक्समध्ये रूढ आहे.

आता कल्पना करा, एखाद्याने लांबलचक गणित लावले आणि मध्येच फोनची लाइन तुटली. गणित चालूच राहिले तर उत्तर छापायचे कोठे? शिवाय मालक निघून गेलेली अशी प्रोसेस संगणकाचा मोलाचा वेळ खात बसेल. म्हणून युनिक्सने एक सरळ उपाय केला. लाइन तुटली की त्या लाइनवरून सुरू झालेल्या प्रोसेसना तसे कळवायचे. कळताच, दुसरे काही ठरवून ठेवले नसेल तर, त्यांनी थांबायचे. या निरोपाचे नाव ‘हँग-अप’, म्हणजे फोन खाली ठेवणे. त्याचा संक्षेप हप आणि त्याचा क्रमांक १.

भारतात हा अनुभव बऱ्याच उशिरा सर्वसामान्यांपर्यंत आला. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ पासून जनतेला इंटरनेटची जोडणी देऊ केली. त्यात शेल खाते नावाचा स्वस्त प्रकार होता. मोडेमने फोन लावायचा आणि दूरच्या युनिक्स यंत्रावर फक्त अक्षरांतून काम करायचे. मध्येच कोणी घरातला दुसरा फोन उचलला की जोडणी जाई. त्या क्षणी दूरच्या यंत्रावर बेल प्रयोगशाळेत योजलेला हाच संकेत दिला जात होता.

शाळेच्या घंटेसारखे

लाइन तुटल्याचा निरोप हा एकटा नाही. युनिक्समध्ये असे अनेक निरोप आहेत. त्यांना सिग्नल म्हणतात. आपण संकेत म्हणू. संकेताचा विशेष असा की त्यात मजकूर नसतो. असतो तो फक्त एक क्रमांक. शाळेची घंटा आठवा. घंटा काही बोलत नाही. एक टोल पडला की तास संपला, लांबलचक घंटा झाली की शाळा सुटली, हा अर्थ ऐकणाऱ्यांनी आधीच ठरवलेला असतो. संकेताचेही तसेच. २ क्रमांकाचा संकेत कळफलकावरील कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबल्या की जातो व ‘हातातले काम थांबव’ असे सुचवतो. १५ क्रमांकाचा ‘टर्म’ म्हणजे ‘आवराआवर करून थांब’. ९ क्रमांकाचा मात्र निरोप नव्हेच. त्यात प्रोसेसला काही विचारले जात नाही, कार्यप्रणाली तिला तेथल्या तेथे संपवते.

हे संकेत हाताने पाठवण्याच्या आज्ञेचे नाव ‘किल’, म्हणजे ठार मारणे. नवशिके विद्यार्थी या नावाने दचकतात. सुरुवातीला संकेतांचा मुख्य उपयोग प्रोसेस संपवणे हाच होता, म्हणून हे नाव पडले. पण ९ सारखे अपवाद सोडले तर संकेत मिळाल्यावर काय करायचे, हे प्रोसेस लिहिणाऱ्याला ठरवता येते. लाइन तुटल्याचा संकेत मिळाला तरी दुर्लक्ष कर, असेही तिला सांगून ठेवता येते. ‘नोहप’ नावाची आज्ञा युनिक्समध्ये सत्तरच्या दशकापासून आहे, ती याचसाठी. घंटा तीच, पण अर्थ ऐकणाऱ्याच्या हाती. वेब सर्व्हरची पुढची सारी कथा या एका सवलतीवर उभी आहे.

मॅक्सवेलचा सेवक

लाइन तुटली की थांबणारी आज्ञावली सर्व्हर म्हणून निरुपयोगी, कारण सर्व्हर सुरू करणारा माणूस संध्याकाळी घरी जाणार. यासाठी प्रोसेसने टर्मिनलशी असलेले नाते तोडावे लागते. ती आपल्या पालकापासून सुटी होते. युनिक्समध्ये पोरक्या प्रोसेसचे पालकत्व १ क्रमांकाच्या प्रोसेसकडे जाते. ही प्रोसेस यंत्र सुरू होताना सर्वांत आधी जन्मते. अशा रीतीने पार्श्वभूमीत अखंड राबणाऱ्या प्रोसेसला ‘डीमन’ म्हणतात. वेब सर्व्हरच्या आज्ञावलीचे नाव बहुधा ‘एचटीटीपीडी’ असे असते. त्यातला शेवटचा ‘डी’ या डीमनचा.

हा शब्द भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना ओळखीचा वाटेल आणि ते बरोबरच आहे. १८६७ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एका चिमुकल्या जीवाची कल्पना केली होती. दोन कप्प्यांमधल्या झडपेवर बसून तो वेगवान आणि मंद रेणू वेगळे करतो. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो यांचे सहकारी एकाच संगणकावर अनेकांना काम करू देणारी प्रणाली घडवत होते. पार्श्वभूमीत न थकता राबणाऱ्या आज्ञावल्यांना त्यांनी मॅक्सवेलच्या या सेवकाचे नाव दिले. असा पहिला डीमन फाइलींच्या प्रती आपोआप चुंबकीय फितीवर उतरवून ठेवत असे.

टर्मिनलपासून सुटलेल्या डीमनला आता फोनची लाइनच उरली नाही. लाइन नाही, तर ती तुटल्याचा संकेत त्याला कधी मिळणारच नाही. म्हणजे १ क्रमांकाची घंटा त्याच्यापुरती मोकळी झाली. अर्थ नसलेल्या या घंटेला नवा अर्थ देता येईल, हे युनिक्सवर काम करणाऱ्यांच्या ध्यानात आले. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या ऐंशीच्या दशकातील युनिक्समध्ये काही डीमन हा संकेत मिळाला की आपली नियमांची फाइल पुन्हा वाचत. ‘फोन ठेवला’ या निरोपाचा अर्थ ‘नियम बदलले आहेत, नव्याने वाच’ असा झाला. वेब सर्व्हर लिहिणाऱ्यांनी ही रूढी तशीच उचलली.

दार, क्रमांक आणि अधिकार

१९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रातून मोझेक हा चित्रे दाखवणारा ब्राउझर बाहेर पडला. त्याच केंद्रात रॉब मॅककूल यांनी एक वेब सर्व्हर लिहिला. पुढची दोनेक वर्षे तोच सर्वाधिक लोकप्रिय होता. त्याची रचना पाहिली की ताबा ठेवण्याच्या अडचणी कशा सोडवल्या ते दिसते.

पहिली अडचण : संकेत पाठवायचा तर प्रोसेसचा क्रमांक हवा. पण क्रमांक दर वेळी नवा मिळतो. म्हणून सर्व्हर सुरू होताच आपला क्रमांक एका छोट्या फाइलीत लिहून ठेवतो. व्यवस्थापक ती फाइल वाचतो आणि आज्ञा देतो, ‘किल -हप’ आणि पुढे तो क्रमांक. घराबाहेर जाताना शेजाऱ्याकडे पत्ता ठेवून जावे, तशी ही साधी सोय.

दुसरी अडचण अधिकाराची. युनिक्समध्ये १०२४ पेक्षा लहान क्रमांकाचे दार उघडण्याचा अधिकार फक्त ‘रूट’ या सर्वाधिकारी व्यवस्थापकाला असतो. विद्यापीठातल्या सामायिक यंत्रावर एखाद्या विद्यार्थ्याने महत्त्वाच्या दारावर आपलीच आज्ञावली बसवून इतरांचे परवलीचे शब्द गोळा करू नयेत, हा त्यामागचा हेतू. ८० हा क्रमांक १०२४ पेक्षा लहान, म्हणून सर्व्हर रूटनेच सुरू करायचा. पण सर्व अधिकार असलेली प्रोसेस साऱ्या जगाच्या विनंत्या ऐकू लागली, तर एका चुकीने सारे यंत्र परक्याच्या हाती जाईल. यावर तोडगा असा : पालक प्रोसेस दार उघडते आणि मागे राहते. प्रत्यक्ष विनंत्या हाताळतात त्या बालक प्रोसेस. जन्मल्याबरोबर त्या आपले अधिकार सोडून ‘नोबडी’, म्हणजे कोणीच नाही, अशा नावाच्या दुबळ्या वापरकर्त्याचे रूप घेतात. संकेत द्यायचा तो पालकाला, आणि तोही रूटनेच.

१९९४ च्या मध्यावर मॅककूल यांनी एनसीएसए सोडले आणि सर्व्हरची वाढ खुंटली. मात्र त्याची मूळ लिखित आज्ञावली सर्वांपाशी होती. ज्यांना चुका सापडत ते आपापल्या यंत्रावर ठिगळे लावून काम चालवत. फेब्रुवारी १९९५ मध्ये ब्रायन बेलेनडॉर्फ यांच्यासह आठ जणांचा गट ही ठिगळे एकत्र करण्यासाठी उभा राहिला. एप्रिल १९९५ मध्ये त्यांच्या सर्व्हरची पहिली जाहीर आवृत्ती आली. त्याचे नाव अपॅची. अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या एका लढवय्या समाजाचे हे नाव, आणि इंग्रजीत ‘ठिगळांचा सर्व्हर’ या शब्दांशी जुळणारा उच्चार. १९९६ मध्ये अपॅचीने एनसीएसएच्या सर्व्हरला मागे टाकले. लेखक निघून गेला तरी मजकूर खुला असल्यामुळे काम पोरके झाले नाही.

अदबीने थांबणे

अपॅचीने ताबा ठेवण्याच्या कलेत मोठी भर घातली. एनसीएसएचा सर्व्हर पूर्वी प्रत्येक विनंतीसाठी एक नवे बालक जन्माला घालत असे. रॉबर्ट थाऊ यांनी १९९५ मध्ये आखलेल्या नव्या रचनेत बालकांचा एक ताफा आधीच तयार ठेवला जाऊ लागला आणि गर्दीप्रमाणे तो लहानमोठा होऊ लागला.

पण यातून एक प्रश्न उभा राहिला. व्यवस्थापकाने नियमांची फाइल बदलली आणि हपचा संकेत दिला, की पालक सर्व बालकांना तेथल्या तेथे थांबवतो, नियम पुन्हा वाचतो आणि नवा ताफा उभा करतो. त्या क्षणी एखादे बालक कोणाला मोठी फाइल देत असेल तर ती अर्धवटच तुटते. म्हणजे फोन ठेवल्याचा संकेत आता खरोखरच दुसऱ्या कोणाची तरी लाइन तोडत होता!

यावर उपाय म्हणून अपॅचीने ‘यूएसआर१’ हा वेगळा संकेत वापरायला सुरुवात केली. युनिक्सने आज्ञावलीच्या लेखकांसाठी मुद्दाम मोकळा ठेवलेला हा संकेत. तो मिळाला की पालक बालकांना सांगतो, ‘हातातले गिऱ्हाईक पूर्ण करा आणि मग जा.’ जे बालक जाईल त्याच्या जागी नवे नियम वाचलेले बालक येते. दार क्षणभरही बंद होत नाही. जुन्या पाळीचा कामगार हातातले काम संपवून उठतो आणि नव्या पाळीचा बसतो, तसे हे. अपॅचीने याला ‘ग्रेसफुल’ असे नाव दिले. आपण ‘अदबीने’ म्हणू.

नियम बदलले नाहीत तरी हा संकेत वारंवार लागतो. याचे कारण नोंदवही. दर विनंतीला एक ओळ, या हिशेबाने ती फुगत जाते, म्हणून अधूनमधून जुनी वही बाजूला ठेवून नवी घ्यावी लागते. पण फाइलीचे नाव बदलले तरी सर्व्हर जुन्याच उघडलेल्या वहीत लिहीत राहतो, कारण त्याने नाव नव्हे, वही हातात धरलेली असते. ‘वही नव्याने उघड’ हे त्याला सांगावेच लागते.

आणखी एक धोका होता. नव्या नियमांत एखादे अक्षर चुकले आणि पुन्हा सुरू होण्याचा संकेत दिला, तर अपॅचीचा पालक चूक नोंदवून बंदच पडे. म्हणून नियमांची फाइल आधी तपासून घेण्याची सोय झाली. १९९८ सालच्या १.३ या आवृत्तीबरोबर ‘अपॅचीसीटीएल’ नावाची छोटी आज्ञा मिळत असे. तिच्यापुढे ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘रीस्टार्ट’, ‘ग्रेसफुल’ किंवा ‘कॉन्फिगटेस्ट’ यांपैकी एक शब्द टंकला की काम झाले. क्रमांकाची फाइल शोधणे, संकेताचे नाव आठवणे, हे सारे ती करी. व्यवस्थापकाच्या हाती शब्द आले. संकेत मात्र त्यांच्या आड तेच राहिले.

१९९९ साली डॅन केगेल यांनी एक आव्हान मांडले : एका यंत्राने एकाच वेळी १०,००० जोडण्या सांभाळाव्यात. प्रत्येक जोडणीला एक बालक ही पद्धत तेथे अपुरी पडते. रशियातील इगोर सिसोयेव यांनी ऑक्टोबर २००४ मध्ये एन्जिनएक्स हा सर्व्हर जाहीर केला. त्यात मोजकीच बालके असतात आणि प्रत्येक बालक हजारो जोडण्या एकटे हाताळते. आतली रचना इतकी बदलली, पण नियम पुन्हा वाचण्याचा संकेत हपच राहिला. ‘एन्जिनएक्स -एस रीलोड’ ही आज्ञा दिली की आतून तोच संकेत जातो. येथे एक सुधारणा झाली. नव्या नियमांत चूक आढळली तर पालक ते बाजूला ठेवतो आणि जुन्याच नियमांनी काम चालू ठेवतो. इतकेच नव्हे, तर ‘यूएसआर२’ हा संकेत देऊन सर्व्हरची अख्खी आज्ञावलीच चालू स्थितीत बदलता येते. थोडा वेळ जुना आणि नवा पालक एकाच दारावर शेजारी शेजारी काम करतात. नवा समाधानकारक वाटला तर जुन्याला निरोप, नाही तर नव्याला.

२०१० साली लिनक्ससाठी सिस्टिमडी ही व्यवस्था आली. आज बहुतेक लिनक्स यंत्रांवर १ क्रमांकाची प्रोसेस तीच असते आणि ‘सिस्टिमसीटीएल रीलोड’ ही आज्ञा वापरली जाते. ही व्यवस्था आपल्या डीमनांवर स्वतः लक्ष ठेवते आणि सांगून ठेवले असेल तर एखादा अचानक पडल्यास त्याला पुन्हा उभा करते. सर्नमधल्या चिठ्ठीचे काही काम आज ती करते.

नाव जुने, अर्थ नवा

या इतिहासातून शिकवण्यासारखे काय निघते? लव्हाझिए यांनी ऑक्सिजनला आम्ल घडवणारा अशा अर्थाचे नाव दिले. पुढे ऑक्सिजन नसलेलीही आम्ले सापडली, पण नाव टिकले. संगणकातही तसेच घडले आहे. ‘किल’ बहुधा मारत नाही, ‘हप’ फोन ठेवत नाही. नावावरून अर्थ लावणारा गोंधळतो. इतिहास ठाऊक असलेल्याला ते सहज उलगडते.

जुन्या वस्तूला नवे काम दिले की कधी कधी जुने कामही जागे होते. अपॅचीने २००५ सालच्या २.२ या आवृत्तीत अदबीने पूर्ण थांबण्यासाठी ‘विंच’ हा संकेत घेतला. पडद्यावरील खिडकीचा आकार बदलला हे कळवण्यासाठी तो मूळचा. डीमनला खिडकी नसते, म्हणून तो मोकळा. पण एखाद्याने अपॅची टर्मिनलच्या खिडकीतच चालवला आणि खिडकी लहानमोठी केली, तर सर्व्हर अदबीने बंद पडतो! मोकळी समजलेली घंटा पूर्ण मोकळी नव्हती.

वर्गात करून पाहण्यासारखे

लिनक्स आणि पायथन असलेला एक संगणक शाळेत असेल, तर हा इतिहास पंधरा मिनिटांत डोळ्यांसमोर उभा करता येतो. एक नवा फोल्डर करा आणि त्यात एक-दोन निरुपद्रवी फाइलीच ठेवा, कारण त्या फोल्डरमधले सारे इतरांना दिसणार आहे. टर्मिनल उघडून त्या फोल्डरमध्ये जा आणि ‘पायथन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००’ ही आज्ञा द्या. झाला वेब सर्व्हर सुरू. दार ८००० क्रमांकाचे आहे, म्हणून रूटचा अधिकार लागला नाही. त्याच यंत्रावरील ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’, मग विसर्गचिन्ह आणि ८००० असा पत्ता टाका. पान दिसेल आणि टर्मिनलमध्ये नोंदवहीची एक ओळ उमटेल. नसलेल्या पानाचे नाव टाकून ४०४ हा आकडा कोठे दिसतो तेही मुलांना शोधू द्या. हा प्रयोग शाळेच्या आतल्या जाळ्यापुरताच ठेवावा. असा सर्व्हर जगासाठी खुला करण्याइतका भक्कम नसतो.

आता कंट्रोल आणि सी दाबून सर्व्हर थांबवा : हा २ क्रमांकाचा संकेत. पुन्हा सुरू करा. दुसऱ्या टर्मिनलमधून त्याचा प्रोसेस क्रमांक शोधा आणि ‘किल’ आज्ञेने १५ क्रमांकाचा संकेत पाठवा. तिसऱ्या वेळी सर्व्हर सुरू करून टर्मिनलची खिडकीच बंद करा आणि पान पुन्हा मागवून पाहा. ते बहुधा येणार नाही. का? समोर फोन नाही, मोडेम नाही, टेलिटाइप नाही. तरीही खिडकी बंद होताच संगणकाने सर्व्हरला कळवले, की लाइन तुटली. चौथ्या वेळी आज्ञेच्या आधी ‘नोहप’ हा शब्द लावून तोच प्रयोग करा आणि काय फरक पडला, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.